चार कच्चे टाके

प्रिय बयो,

पाकीट बघून दचकू नकोस. इथे सगळं ठीक आहे. माझे गुडघे मशीनच्या पायडलसारखे कुरकुरतात, पण कुरकुरत का होईना, चालतात. भिंगरीही बरी आहे. हाताशी फोन असताना आईला पत्र लिहायची कसली हौस आली, असं तुझ्या मनात आलंच असेल. बाई गं, फोनवर तू जरा गप्प झालीस की मी लगेच हवापाण्यावर घसरते. जेवलीस का, सर्दी गेली का, असलंच काहीतरी विचारत बसते. इतकी वर्षं मी तेच करत आलेय. म्हणून आज दुपारी दुकानाच्या दाराला आतून कडी घातली, कापायच्या टेबलावरचा पसारा एका अंगाला सारला आणि लिहायला बसले. अक्षर वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घे. माझ्या हाताला खडूची सवय, पेनाची नाही.

गेल्या रविवारी तू फोनवर जे सांगितलंस ते मी आठवडाभर घोळवतेय. तुझं पिल्लू तिसऱ्यांदा वर्गातून पळालं आणि बसथांब्यावर सापडलं. शाळेनं तुला बोलावून घेतलं. डॉक्टरांनी कागदावर एडीएचडी असं लिहून दिलं आणि बरोबर काय काय करायचं याची यादीही दिली. एवढं सांगून तू म्हणालीस की त्या यादीतलं मी काही करणार नाही, त्याला निवासी शाळेत घालतेय, दहा तारखेच्या आत फॉर्मवर सही करायची आहे. सात वर्षांचं पोर गं ते. जावईबापू म्हणाले म्हणे, तू म्हणशील तसं. मी विचारलं, इतकी घाई कशाला? त्यावर तू जे बोललीस ते माझ्या कानातून जात नाही. म्हणालीस, आई, मला मूल सांभाळता येत नाही, माझ्या हातून काय होतं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आणि मी काय बोलले? बरं म्हणाले. पाऊस आहे का तिकडे, असं विचारलं. फोन ठेवल्यावर मला माझीच अशी शरम वाटली की काय सांगू.

तुला वाटेल, आता आई उपदेश करणार. नाही गं. मी कुठल्या तोंडानं उपदेश करू? तुझ्या धाकट्या बहिणीला, भिंगरीला, मी कशी वाढवली ते तू डोळ्यांनी बघितलंयस. आमच्या वेळी त्याला नाव नव्हतं. होत्या त्या शिव्या. द्वाड, धांदरट, वांड, अंगात भूत शिरलेली. एक बूट पायात आणि एक जिन्यात. पाण्याची बाटली दर आठवड्याला नवी. पाटी-दप्तर घेऊन निघायची आणि दप्तर कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर ठेवून कुत्र्याच्या पिल्लांमागे जायची. नळ सोडून यायची. एक वाक्य सुरू करायची आणि तिसऱ्याच वाक्यावर संपवायची. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, दोन ठेवून द्या, सरळ येईल. मी ठेवूनही दिल्या. दोन काय, पुष्कळ. ती सरळ आली नाही, फक्त मी हात उचलला की डोळे मिटायला शिकली.

आणि तिची शाळा! तिथले गणवेश मीच शिवायचे ना. सगळ्या वर्गाचे कॉलर, खिसे, काजं माझ्या हातचे, आणि माझीच पोर रोज वर्गाबाहेर उभी. बाईंनी मला बोलावलं की मी टेप गळ्यात तशीच जायचे. बाई वही उघडून दाखवायच्या, अर्धं गणित सोडवलेलं, खाली समासात पंचवीस पाखरं काढलेली. म्हणायच्या, हुशार आहे हो, पण बसत नाही, बसली असती तर पहिली आली असती. हे 'बसली असती तर' मी इतक्यांदा ऐकलं, की मला रस्त्यानं येताना सगळी बसलेली मुलं दिसायची. बाकावर बसलेली, सायकलवर मागे बसलेली, आईच्या मांडीवर बसलेली. वाटायचं, देवा, हिला नुसतं बसायला तरी शिकव, बाकीचं मी बघते.

तुझं काय? तू तर तिच्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठी. पण तुझे बाबा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मी मशीनवर. मग भिंगरीच्या मागे कोण? तू. तिचे बूट तू शोधायचीस, तिची वेणी तू घालायचीस, आणि वेणी घालताना ती पळू नये म्हणून तिला गोष्ट सांगायचीस, ती मात्र पेडापेडाला तोडून, म्हणजे तिसरा पेड पडल्याशिवाय राक्षस मरायचा नाही. मला हे कधी सुचलं नसतं. बाया माप द्यायला यायच्या आणि म्हणायच्या, तुमची मोठी म्हणजे अगदी बयो आहे हो. तेच नाव तुला चिकटलं. मला त्याचं कौतुक वाटायचं. तेरा वर्षांच्या पोरीला म्हातारीचं नाव पडावं, यात कौतुक करण्यासारखं काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

कच्च्या टाक्यांची युक्ती मात्र माझी. आठवतंय ना? भिंगरी अभ्यासाला बसली की तिच्या फ्रॉकचा घेर खुर्चीच्या उशीला शिवून टाकायचा. घाबरायचं काही नव्हतं त्यात. एकेरी कच्चा दोरा, चार लांब लांब टाके, शेवटी गाठ मारायची नाही. ती उठली की दोरा टक्कन तुटायचा आणि ती स्वतःच खुदकन हसून परत बसायची. काटा सहावर येईपर्यंत टाके टिकले तर बटणांच्या डब्यातलं हवं ते बटण तिचं. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं, पण शिंपिणीच्या घरात दुसरं काय सुचणार! आणि सांगते तुला, ते लागू पडलं. तिला कळायचं की आपण उठतोय. एरवी आपण उठलोय हे तिला रस्त्यावर पोचल्यावर कळायचं. चार महिन्यांत तिनं डबाभर बटणं जिंकली. मग मी तुलाही ते टाके घालायला शिकवलं आणि बजावलं, दोरा एकेरीच घ्यायचा आणि गाठ कधीही मारायची नाही. तू माझ्यापेक्षा छान घालायचीस, सारख्या अंतरावर.

मग तो दिवस. तुला जसा ठाऊक आहे तसाच आधी लिहिते. शाळा उघडायला दोन दिवस होते, माझ्या डोक्यावर साठ गणवेश बाकी. तू भिंगरीला खुर्चीत बसवलंस, टाके घातलेस, आणि मी तुला समोरच्या दुकानातून निळ्या दोऱ्याची रिळं आणायला पाठवलं. तू परत आलीस तेव्हा जिन्यातच तुला किंकाळी ऐकू आली. दाराला आतून कडी होती, तू दोन्ही हातांनी दार बडवत होतीस. मी दार उघडलं. भिंगरी जमिनीवर होती, खुर्ची आडवी, तिचा उजवा हात कोपरातून भलत्याच बाजूला वळलेला आणि फ्रॉकचा घेर फाटलेला. तुझ्या हातातून रिळं सुटून घरभर गडगडत गेली. दवाखान्याच्या बाकावर तू मला हळूच विचारलंस, आई, मी गाठ मारली असेल का गं?

आणि मी म्हणाले, असेल.

तिसऱ्या दिवशी तुझे बाबा आले. ते कधी आवाज चढवणारे नव्हते, तुला माहीत आहे. तुझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, तुला सांगून गेलो होतो ना गं, हिच्याकडे लक्ष ठेव म्हणून. तू मान खाली घातलीस. मी तिथेच उभी होते, हातात गरम पाण्याचं भांडं घेऊन. ते माणूस या जगातून जाईपर्यंत त्यांच्या मनात तेच राहिलं. भिंगरीचा हात प्लॅस्टरमधून निघाला तो वाकडाच, आजही सरळ होत नाही. तू त्यानंतर सुई हातात धरली नाहीस. बटण तुटलं तर पिन लावून जायचीस. अठरा पूर्ण झाल्याबरोबर लांबच्या कॉलेजात नाव घातलंस आणि वर्षातून दोन दिवस पाहुण्यासारखी येऊ लागलीस. आलीस तरी भिंगरीबरोबर एकटी कधी घरात थांबली नाहीस, मी बाजारात निघाले की माझ्या मागे. पिल्लू झालं तेव्हा तू त्याला अंघोळ घालायला तयार नव्हतीस, बाई ठेवलीस. मी जावईबापूंना सांगितलं, पहिलटकरणी घाबरतातच, होईल सवय. मला ठाऊक होतं तू कशाला घाबरतेस. एका आईला ते न कळायला काय झालं?

मध्ये भिंगरीचंही थोडं सांगू दे, म्हणजे मला पुढचं लिहायला जरा दम मिळेल. ती त्या मोठ्या हॉस्पिटलात लागून आता चार वर्षं झाली. तपासणीच्या बाटल्या आणि फायली या मजल्यावरून त्या मजल्यावर पोचवायच्या. म्हणते, आई, मला पळायचा पगार मिळतो, आणि तुम्ही लोक मला फुकट ओरडायचात! फायली वाकड्या हातात अशा बसवते की जणू तो हात त्यासाठीच वाकला. चावी अजून विसरते, म्हणून एक चावी शेजारी असते आणि एक चावी शेजाऱ्यांच्या शेजारी. तिथल्याच एका डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून दोन वर्षांपूर्वी तेच नाव सांगितलं, जे आता पिल्लूला सांगितलंय. घरी आली आणि पायरीवर बसून रडली. म्हणाली, म्हणजे मी वाईट नव्हते तर. मी तिला विचारलं, तुझ्या डोक्यात नेमकं होतं तरी काय गं? ती म्हणाली, सगळे एकदमच बोलतात, आणि ज्याचं ऐकायचं त्याचाच आवाज सगळ्यांत बारीक असतो. तुला सांगितलं नाही मी हे. फोनवर सांगण्यासारखं काही असलं की माझ्या जिभेला तुझ्याच बाबतीत कुलूप पडतं.

पुरे झालं आता. नमनालाच घडाभर तेल गेलं, आणि ताकाला जाऊन भांडं तरी किती वेळ लपवणार! बयो, ती गाठ तू मारली नव्हतीस. तुझे टाके एकेरी होते, सारख्या अंतरावर होते, आणि तू जिना उतरून रस्त्यावर पोचायच्या आतच भिंगरीनं ते तोडले होते. मी उठून परत घातले, ते तोडले. परत घातले. सहा वेळा. माझ्यासमोर साठ गणवेशांचा ढीग, मशीनची सुई मोडलेली, आणि ही टक्, टक् करत उठतेय आणि हसतेय. माझं डोकं फिरलं. खोटं कशाला बोलू, मला तिचा त्या घटकेला राग नाही, तिटकारा आला होता. मी कोटाची बटणं शिवायचा जाड दोरा घेतला, दुहेरी केला, आणि फ्रॉक, उशी, उशीच्या नाड्या असं सगळं घट्ट शिवून टाकलं. गाठीवर गाठ मारली. म्हटलं, आता ऊठ बघू कशी उठतेस. आणि ती खरंच बसली. पाठ ताठ करून, हू की चू न करता. मला बरंसुद्धा वाटलं गं. मी तिच्याकडे पाठ करून कामाला लागले. मग जिन्यात तुझ्या चपला वाजल्या. तू आलीस की तिनं दाराकडे धावायचं, हे तिचं ठरलेलंच. ती धावली. खुर्ची तिच्याबरोबर आली, आणि टेबलाच्या लोखंडी पायात तिचा हात अडकला.

यापुढचं मी आजवर स्वतःशीसुद्धा धड बोलले नव्हते. ती किंचाळत होती, तू बाहेरून दार बडवत होतीस, आणि मी आधी कात्री घेतली. आधी दोरा कापला. घेर टराटरा ओढून मोकळा केला, दोऱ्याचे तुकडे, गाठी, सगळं गोळा करून खिशात कोंबलं. मग पोरीला उचललं. मग दार उघडलं. तुझ्या एका 'असेल का'ला मी एका शब्दात उत्तर दिलं, आणि तो शब्द मला आयता सापडला होता, कारण तुझ्या तोंडातूनच आला होता. वाटलं होतं, चार दिवसांनी सांगू. मग वाटलं, हात बरा झाला की सांगू. हात बरा झालाच नाही. मग तू मोठी होत गेलीस आणि सांगायचं दिवसेंदिवस जास्तच अवघड होऊन बसलं. मला भीती होती की लोक म्हणतील, हिनं पोटच्या पोरीला खुर्चीला शिवलं. त्यापेक्षा तेरा वर्षांच्या मुलीच्या हातून चूक झाली, हे सगळ्यांना सोपं वाटलं, मलाही. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात, पण मी चावा तुला घेतला आणि दुखतंय कुठे म्हणून विचारलंही नाही. तू घर सोडलंस तेव्हा मला वाईट वाटलं, पण खरं सांगू, सुटल्यासारखंही झालं. समोर तू नसलीस की मला रोज आठवायचं नाही. एवढी मी हलकट झाले होते.

आता हे पत्र का लिहिलं तेही सांगते, आणि इथे तरी मला मोठेपणा नको. मी आपणहून लिहिलेलं नाही. गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी पीठ मळत होते, म्हणून भिंगरीनं फोन स्पीकरवर टाकला होता. तुझं ते वाक्य तिनं ऐकलं. मी फोन ठेवला, तर ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, ताईला अजून वाटतं की ते तिनं केलं? तिला सगळं आठवत होतं, बयो. जाड दोरा, गाठी, मी दातानं दोरा तोडला तेसुद्धा. जी पोरगी चावी कुठे ठेवली ते विसरते, ती पंचवीस वर्षं हे धरून बसली होती, कारण त्या दिवशी दवाखान्यात जाताना रिक्षात मी तिच्या कानात म्हटलं होतं, कुणाला सांगू नकोस हं, नाहीतर आईला घेऊन जातील. तिला वाटायचं, तुला मी कधीच सांगितलं असेल. ताई आपल्याशी बोलत नाही ती आपण आगाऊ आहोत म्हणून, आपला कंटाळा येतो म्हणून, असं ती इतकी वर्षं समजत होती. माझ्या एका शब्दानं मी दोघींना दोन टोकांना बसवून ठेवलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. म्हणाली, पुढच्या रविवारच्या आत तू सांग, नाहीतर मी गाडीत बसून जाते आणि सांगते. आज शनिवार. संध्याकाळच्या गाडीनं ती तुझ्याकडे यायला निघतेय, हेच पत्र घेऊन. मी दिलं नसतं तरी ती निघणारच होती. तिला आत घे. मला शिव्या घाल, फोन करू नकोस, या घरी परत पाय ठेवू नकोस, मी काही म्हणणार नाही, तो तुझा हक्क आहे. पण पिल्लूचं ठरवताना एवढं ध्यानात असू दे, की तू तेरा वर्षांची होतीस, तुला आवरायला एक वेडी बहीण आणि एक खोटारडी आई होती, आणि तुझ्या हातून कुणाला कधी काही झालं नाही. त्याला जवळ ठेवायचं की पाठवायचं, ते तूच ठरव. माझ्या खोट्यावर मात्र सही करू नकोस.

तुझीच म्हणायची हिंमत होत नाही, तरी तुझीच,
आई